शिबिर एका दिवसाचं, दात आयुष्यभराचे : गोंदिया जिल्ह्यात गरीब मुलांसाठी दंत दवाखाना कसा चालवावा?

आपल्याकडे खिदमतचं काम म्हटलं की आरोग्य शिबिर ठरलेलं असतं. जुम्म्याच्या नमाजनंतर एलान होतो, शाळेच्या किंवा शादीखान्याच्या हॉलमध्ये मंडप पडतो, नागपूरहून डॉक्टर येतात, दोन-तीनशे मुलांचे दात तपासले जातात. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, एक ब्रश आणि एक छोटी टूथपेस्ट. संध्याकाळी फोटो ग्रुपवर येतात आणि काम संपतं.

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, "तीन दाढा किडलेल्या आहेत, उपचार घ्यावेत." ते उपचार कुठे घ्यायचे, कोण करणार आणि पैसे कोण देणार, याचं उत्तर चिठ्ठीवर नसतं. राईस मिलमध्ये हमाली करणारा बाप किंवा घरी बिडी वळणारी आई ती चिठ्ठी कपाटात ठेवते. सहा महिन्यांनी मुलाचा गाल सुजतो, तेव्हा ती आठवते.

म्हणून अलीकडे ठिकठिकाणी तरुण मंडळी, अंजुमन आणि ट्रस्टवाले विचारतात की शिबिरांऐवजी आपला कायमचा दंत दवाखाना का असू नये? गरीब मुलांसाठी, नफा न घेता चालणारा? विचार चांगला आहे. पण असा दवाखाना उघडणं आणि तो पाच वर्षांनंतरही चालू असणं, यात फार अंतर आहे. दाताची खुर्ची एका दानशूर माणसाच्या पैशात येते. दवाखाना टिकतो तो मात्र मूल दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा परत येण्यावर. या लेखात त्याचाच विचार करू.

"दुधाचेच दात आहेत, पडून जातील"

दवाखान्याचा पहिला सामना होतो तो या वाक्याशी. दादी-नानी प्रेमाने म्हणतात, आईलाही ते पटतं.

लहान मुलाला दुधाचे २० दात असतात. त्यातल्या मागच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर पुढची पाच-सहा वर्षं त्याला त्याच दाढेने खायचं असतं. कीड नसेपर्यंत पोचली की रात्री ठणका लागतो, मूल झोपत नाही, जेवत नाही, शाळा बुडते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच शिकलेल्या घरांतही माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात. ती असते पक्की, आयुष्यभराची. तिच्या वरच्या भागावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किट, चॉकलेट, कुरकुरे अडकतात आणि आठव्या-नवव्या वर्षीच ती पोखरली जाते. गरीब मुलांच्या दवाखान्याने एकच दात वाचवायचा ठरवला, तरी तो हा असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. तेव्हा आईला दोष देऊन उपयोग नाही. पाच रुपयांचं गोड पाकीट प्रत्येक किराणा दुकानात टांगलेलं आहे आणि दाताचा डॉक्टर तालुक्याला किंवा जिल्ह्याला.

गोंदियाचं गणित वेगळं आहे

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा आठ तालुक्यांचा आहे: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. मुस्लिम वस्ती मुख्यतः गोंदिया शहरात आणि तालुक्याच्या बाजारपेठांमध्ये. पण गरीब मुलं सगळीकडे आहेत आणि सालेकसा-देवरीकडच्या आदिवासी पाड्यांमध्ये तर दाताचा डॉक्टर पाहिलेलंच मूल कमी सापडेल.

इथला दवाखाना इथल्या वर्षाप्रमाणेच चालवावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणी असते, त्या वेळी मजूर आई-बाप रोजी बुडवून मुलाला आणणार नाहीत. एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटेपासून अख्खं घर जंगलात. शाळांना सुट्ट्याही तेव्हाच. म्हणजे शाळेतलं काम जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते मार्च या महिन्यांत बसवायचं. रमजानमध्ये मोठी मुलं रोजे ठेवतात. ज्यांचं काम थांबू शकतं त्यांना ईदनंतरची तारीख द्यावी, पण दुखणाऱ्या मुलासाठी दार उघडंच असावं.

दवाखान्याची जागा निवडताना स्वस्त भाडं हा एकच निकष धरू नये. गोंदिया जंक्शन आहे. नागपूर, बालाघाट, बल्लारशाह आणि छत्तीसगड अशा चारी बाजूंच्या गाड्या इथे येतात. स्टेशन किंवा बसस्टँडपासून पायी येता येईल अशी जागा असेल, तर सौंदड किंवा अर्जुनीची आई सकाळच्या गाडीने येऊन दुपारी परत जाऊ शकते. ऑटोचे पन्नास-साठ रुपये वाचले की दुसरी भेट होते, नाही तर राहून जाते.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ विदर्भात इतका रुळला आहे की सातवी-आठवीतली मुलंही खातात. सततच्या सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची एक साधी तपासणी करावी: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर त्या मुलाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवावं. मुलांना तंबाखू विकणं किंवा देणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ' या उपक्रमाने दारू-तंबाखूविरोधात गावोगावी काम उभं केलं आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

सरकारी व्यवस्था आहे, तिच्याशी जोडून घ्या

आपण काही नवीन करतोय असं समजून सरकारी यंत्रणेकडे पाठ फिरवणं योग्य नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यांची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये जातात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दंतविभाग असतो.

मग आपली गरज कुठे आहे? मुलाची तपासणी झाली पण उपचारापर्यंत ते पोचलं नाही, त्या मधल्या जागेत. सरकारी पथकाने किडलेल्या दाताची नोंद केली आणि त्या मुलाला दवाखान्यापर्यंत आणणारं कोणी नसेल, तर नोंद कागदावरच राहते. आपल्या दवाखान्याने त्या पथकाकडून आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडून यादी मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, साध्या दात भरण्याचा खर्च त्यात निघत नाही. ती जागाही आपल्यासाठी मोकळी आहे.

जे आपल्याला जमणार नाही ते आधीच ठरवून ठेवावं. ज्या मुलाला भूल देऊनच काम करावं लागेल, ज्याचं हृदय जन्मजात अधू आहे, ज्याला सिकलसेल आहे, ज्याची सूज डोळ्यापर्यंत किंवा गळ्यापर्यंत गेली आहे, अशा मुलांना वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात पाठवायचं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षात घेता, तो प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. कोणत्या दिवशी जायचं, कोणत्या खोलीत, कोणाला भेटायचं, हे लिहून द्यावं आणि चार दिवसांनी फोन करून विचारावं.

पुण्याचं उदाहरण आणि बोस्टनचं

आपल्याच समाजाने उभं केलेलं मोठं उदाहरण पुण्यात आहे. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी ही संस्था १९४८ पासूनची. तिच्या कॅम्प भागातल्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, त्यामुळे रुग्णांना ते खाजगी दवाखान्यापेक्षा खूप कमी खर्चात मिळतात. त्याच आवारात उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळाही आहेत.

गोंदियात उद्या महाविद्यालय काढता येणार नाही. पण या उदाहरणातल्या दोन गोष्टी उचलता येतात. एक, शिकणाऱ्या डॉक्टरांचे हात. बीडीएसच्या विद्यार्थ्यांना शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते आणि दंत महाविद्यालयांमध्ये सामुदायिक दंतआरोग्याचा स्वतंत्र विभाग असतो. नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या महाविद्यालयाशी लेखी करार करून, ठराविक दिवशी शिक्षकासह इंटर्न येतील अशी व्यवस्था होऊ शकते. दोन, शाळा आणि दवाखाना जवळ असणं. मूल शाळेत रोज येतंच. तिथून त्याला दवाखान्यात नेणं, पाड्यावरून बोलावण्यापेक्षा कितीतरी सोपं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टनचं. तिथे १९१४ मध्ये फोर्साइथ कुटुंबाच्या देणगीतून गरीब मुलांसाठी मोठा दंत दवाखाना उघडला. संगमरवरी इमारत, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, शाळांमधून आणली जाणारी मुलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच संस्थेने शाळांमध्येच जाऊन वर्षातून दोनदा मुलांच्या दातांना फ्लोराईड लावण्याचा आणि छोटी कीड तिथेच भरण्याचा उपक्रम सुरू केला. इमारत होती, नाव होतं, डॉक्टर होते. तरीही त्यांना मुलांकडे जावं लागलं. आपण तिथूनच सुरुवात केली तर इमारतीचा पैसा वाचेल.

आधी शाळा, मग खुर्ची

मुलांच्या दातांच्या उपचारात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी कीड म्हणजे मशीन, मशीन म्हणजे आवाज आणि आवाज म्हणजे रडारड. आता बरंचसं काम मशीनशिवाय होतं.

पहिलं, फ्लोराईड वॉर्निश. ब्रशने दातांवर लावायचा लेप, दोन मिनिटांचं काम. वर्षातून दोनदा.

दुसरं, सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड. किडलेल्या जागी या औषधाचा थेंब लावला की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. सुई नाही, मशीन नाही. न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात शाळेतल्या नर्सनेही ते व्यवस्थित लावलं. एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी: किडलेली जागा कायमची काळी पडते. आईला आधी फोटो दाखवून विचारावं. मागच्या दाढेला बहुतेक जणी हो म्हणतात, पुढच्या दाताला नाही म्हटलं तर दुसरा उपचार करावा. न विचारता लावलं आणि मूल काळा दात घेऊन घरी गेलं, तर त्या मोहल्ल्यातून पुन्हा कोणी येणार नाही.

तिसरं, हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी विकसित झाली. देवरी-सालेकसाच्या आश्रमशाळेत दोन बेंच जोडून, खिडकीच्या उजेडात हे काम होतं.

फ्लोराईडची टूथपेस्ट, सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट ही तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पाऱ्याचं जुनं चांदी-भरण पंधरा वर्षांखालच्या मुलांत टाळावं, असं मिनामाटा करारातल्या २०२२ च्या दुरुस्तीत ठरलं आहे. कोणी जुना साठा दान म्हणून देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणावं.

शाळेत तीन याद्या कराव्यात. हिरवी: दात ठीक, फक्त वॉर्निश. पिवळी: शाळेतच भरता येईल अशी कीड. लाल: दुखणं, सूज, पू, याच आठवड्यात दवाखान्यात. खुर्ची लाल यादीसाठी राखून ठेवली की एक डॉक्टरही पुरतो. शाळेत जाण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांची आणि आश्रमशाळेसाठी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी घ्यावी. पालकांची लेखी संमती मराठी, हिंदी आणि उर्दूत असावी. जिला वाचता येत नाही तिला आशाताईने किंवा बाईंनी वाचून दाखवावी.

आणि रोजचा ब्रश. फिलिपिन्समध्ये 'फिट फॉर स्कूल' या कार्यक्रमात मुलं शाळेतच रोज एकत्र दात घासतात आणि साबणाने हात धुतात. आपल्या मदरशांमध्ये वजूची जागा, नळ आणि ठराविक वेळ आधीच आहे. हदीसमध्ये मिस्वाकची किती ताकीद आहे, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. मिस्वाक जरूर करावं आणि जोडीला दिवसातून दोनदा फ्लोराईडची टूथपेस्टही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे मटाराएवढी. धानाच्या जिल्ह्यात हे माप कोणाला समजावून सांगावं लागणार नाही! लाल मंजन, गुडाखू, तंबाखूची नस मात्र घरातून बाहेर जाऊ द्या.

विदर्भाच्या काही भागांत, विशेषतः चंद्रपूर-यवतमाळकडे, विहीर-बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. एखाद्या गावात असे डाग अनेक मुलांना दिसले, तर वॉर्निश सुरू करण्याआधी पाणी तपासून घ्यावं. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड पिण्यासाठी योग्य नाही.

पैशाचा खरा हिशोब

उदाहरणासाठी एक गणित मांडू. आकडे आपल्या गावच्या दराप्रमाणे बदलावेत. समजा एक डॉक्टर महिन्यात २२ दिवस बसतो आणि रोज १२ मुलं पाहतो. म्हणजे २६४ भेटी. एका मुलाचं काम सरासरी तीन भेटींत पूर्ण होत असेल, तर महिन्याला ८८ मुलांचं काम पूर्ण. समजा डॉक्टर, मदतनीस, समन्वयक, साहित्य, भाडं-वीज आणि दुरुस्ती मिळून महिन्याचा खर्च १,१५,००० रुपये. एका मुलामागे साधारण १,३०० रुपये झाले. आता निम्मी मुलं पहिल्या भेटीनंतर फिरकलीच नाहीत आणि त्यांच्या वेळा रिकाम्या गेल्या, असं समजू. खर्च तेवढाच राहतो, पण काम ४४ मुलांचंच पूर्ण होतं आणि एका मुलामागचा खर्च दुप्पट होतो.

म्हणून महागड्या दुसऱ्या खुर्चीआधी एक समन्वयक ठेवावी. मोहल्ल्यातलीच बारावी झालेली मुलगी किंवा एखादी बाजी, जी आदल्या संध्याकाळी फोन करेल: "भाभी, उद्या अकराला आणा, आजचं दुखणं कसं आहे?" या फोनचा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त.

अगदी फुकट ठेवावं का? नाममात्र नोंदणी फी ठेवलेली बरी, लोक दवाखान्याला आपला समजतात. पण जिला तेवढेही जमत नाहीत तिला खिडकीवर सगळ्यांसमोर सांगायला लावू नये. ते समन्वयकाने बाजूला बोलून ठरवावं आणि पावतीवर काही वेगळं दिसू नये. काही दवाखाने संध्याकाळी मोठ्यांकडून नेहमीची फी घेतात आणि त्यातून मुलांचा काही खर्च काढतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९७६ पासून याच तत्त्वावर लाखो गरिबांचे डोळे वाचवले आहेत.

जकात, सदका आणि अमानत

आपल्या समाजात पैसा येतो रमजानमध्ये आणि बहुतेक जकातीचा. इथे फार काळजी हवी. हनफी उलमांच्या मते जकात अदा होण्यासाठी ती हकदार माणसाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून डॉक्टरचा पगार, खुर्ची, भाडं, इमारत हे थेट जकातीतून करता येत नाही. गरीब पालकाच्या हातात रक्कम देऊन त्याने ती उपचारासाठी भरणं, अशी पद्धत काही ठिकाणी वापरतात. आपल्या शहरातल्या मुफ्तीसाहेबांकडून लेखी मार्गदर्शन घेऊनच पद्धत ठरवावी. लिल्लाह, नफील सदका आणि वक्फचा पैसा मात्र पगार-भाड्यालाही चालतो आणि बिगरमुस्लिम मुलांच्या उपचारालाही.

म्हणून दोन वेगळी बँक खाती ठेवा. नुसत्या वहीत दोन रकाने करून भागत नाही. ज्याने जकात दिली त्याची इबादत आपल्या हातात अमानत आहे.

रमजानवर अवलंबून राहिलं की सफर-रबीउल अव्वलपर्यंत पैसा संपतो. त्यापेक्षा दरमहा ठराविक रक्कम देणारे शंभर लोक शोधा. इतिहासात आपले दवाखाने असेच टिकले. कैरोमध्ये १२८४ साली सुलतान कलाऊनने बांधलेला बीमारिस्तान शतकानुशतकं चालला, कारण त्याला दुकानं आणि जमिनी वक्फ केलेल्या होत्या आणि त्यांचं भाडं नियमित येत होतं. एखाद्या व्यापाऱ्याने एका दुकानाच्या गाळ्याचं भाडं दवाखान्याला लावून दिलं, तर तो वार्षिक जलशापेक्षा मोठा आधार आहे.

कागदपत्रं पहिल्या दिवसापासून पक्की हवीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, आयकर खात्याकडची धर्मादाय संस्थेची आणि देणगी-सवलतीची नोंदणी. दोन हजारांवरची रोख देणगी आयकराच्या सवलतीत बसत नाही, म्हणून देणगी बँकेतून घ्या. कंपन्यांच्या सीएसआरची आशा लगेच धरू नका. त्यासाठी संस्थेला साधारण तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. आखाती देशांत काम करणारे आपले नातेवाईक भारतीय पासपोर्टवर असतील आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याचा पैसा मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही. ही एक चूक अख्खा ट्रस्ट अडचणीत आणू शकते.

ज्यावर काटकसर करायची नाही

भिंतीचा रंग साधा चालेल. अवजारं वाफेच्या दाबावर निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह मात्र चांगलंच हवं आणि प्रत्येक मुलाला निर्जंतुक केलेला वेगळा संच हवा. नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्या मुलाला वापरणं म्हणजे कावीळ-ब पसरवण्याला आमंत्रण. गरीबाला फुकट देतोय म्हणून कमी स्वच्छ चालेल, हा विचार मनातही येऊ नये.

डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेलाच असावा. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, घंटागाडीत काहीही नाही. एक्स-रे मशीन घेतलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आधीच घ्या. खुर्ची घेतानाच नागपूरहून दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल, हे लेखी घ्या. दान मिळालेल्या जुन्या खुर्च्या बऱ्याचदा एका बिघडलेल्या व्हॉल्व्हमुळे कोपऱ्यात पडून राहतात.

मुलाची इज्जत

मुलाला आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. आरसा त्याच्या हातात द्यायचा, हवेची फुंकर आधी त्याच्या नखावर मारायची. तीन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवरच तपासायचं. उपचाराच्या वेळी आई किंवा वडील खोलीत असावेत, दार बंद नसावं. मुलींच्या पालकांना हे पाहून विश्वास वाटतो आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीही ते आवश्यक आहे.

रडणाऱ्या, सुजलेल्या मुलाचा चेहरा देणगीच्या पोस्टवर टाकू नका. ते मूल उद्या दहावीत असेल आणि तो फोटो फिरतच राहील. देणगीदाराला आकडे द्या, ऑडिट द्या, दवाखाना पाहायला बोलवा.

आणि दार सगळ्यांसाठी उघडं असू द्या. गोंड, पोवार, दलित, मुस्लिम, कोणाचंही मूल असो, दाढदुखी सारखीच असते. पाटी मराठीत, हिंदीत आणि उर्दूत असावी. आत बोलताना मुलाला जी समजेल ती भाषा.

वर्षाअखेर काय मोजायचं?

"यंदा तीन हजार मुलांची तपासणी केली" हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यावरून काम कळत नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. जितक्या मुलांना उपचार हवे होते त्यातल्या कितींचे पूर्ण झाले? लाल यादीतलं मूल किती दिवसांत खुर्चीवर बसलं? सहा महिन्यांनी किती मुलं परत आली? पहिलीत आलेल्या मुलांपैकी कितींची सहा वर्षांची दाढ चौथीपर्यंत शाबूत राहिली? हे चार आकडे दरवर्षी मस्जिदीच्या आणि दवाखान्याच्या बोर्डावर लावा, वाढले असोत की घटले असोत.

सुरुवातीला खुर्चीचीही गरज नाही. एक शाळा किंवा मदरसा निवडा, आठवड्यातला एक दिवस देणारा एक नोंदणीकृत डॉक्टर, एक समन्वयक आणि एक वही. पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाचं नाव, त्याच्या दातांची नोंद आणि पुढची तारीख. सहा महिन्यांनी त्याच मुलांकडे पुन्हा जा. दुसऱ्या फेरीत दहातली आठ मुलं सापडली, तर समजा की आपल्याला दवाखाना चालवता येईल. मग खुर्चीसाठी चंदा मागायला निघा, इन्शाअल्लाह मिळेल.